एकाच म्हणीतले दोघे

गावात एक म्हण होती, अजून आहे:
बोलणं मानभावाचं, करणी कसाबाची.
पहिला अर्धा मी.
दुसरा अर्धा शाहजान,
कसाबाची लेक, पिंजाऱ्याच्या घरी दिलेली,
नवरा गेल्यावर त्याचं पिंजण
स्वतःच्या खांद्यावर घेतलेली.

मी मठातला. सहाव्या वर्षी ठेवलेला, विशीत निघालेला.
काळं वस्त्र उतरवलं तरी
लोकांना माझ्या अंगावर काळंच दिसायचं.
ग्रामपंचायतीत घेतलं ते अक्षर पाहून.

दुपारी तिच्या छपरीत तात वाजायची,
रुईचे तंतू चहावर तरंगायचे,
आणि आम्ही बोलायचो ते त्या आवाजाच्या आत बसून.
तिथंच मी तिला सांगितलं
दर दुसऱ्या शनिवारी अचलपूरला का जातो,
कोणाकडे.
तिचा ठोका चुकला नाही.
म्हणाली, "तो भाकर तरी नीट खाते का?"

मग तिनं तिचं सांगितलं.
ते इथं लिहीत नाही.

मी तिला सकळ लिपी शिकवली,
पोथ्या झाकायची ती,
अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर.
कोळशानं फरशीवर, मग टाचेनं पुसून.
तिनं पहिला शब्द लिहिला तो शेळीचं नाव.
एवढी शेकडो वर्षांची गुप्त लिपी,
आणि तिच्यात एक शेळी!
पोट दुखेस्तोवर हसलो.

त्या हिवाळ्यात शाळेच्या मैदानात
पहाटे शिट्ट्या वाजू लागल्या.
रांगेतली निम्मी पोरं
माझ्याकडून दाखले नेणारी, काका म्हणणारी.
बाजारात तिच्या भावाच्या दुकानावर आधी पडदा आला,
मग कुलूप.
पानठेल्यावर मी गेलो की गप्पा थांबायच्या,
थोड्या वेळानं दुसऱ्याच सुरू व्हायच्या.
एकदा एकानं विचारलं,
तुम्ही लोक आपले म्हणायचे ना?
आपलेच, मी म्हणालो.
किती पटकन म्हणालो.

मग यादी आली. कोणतं घर, किती माणसं,
कुठून आलेली, कधीपासून.
तुमचं अक्षर चांगलं आहे, म्हणाले.
मी लिहिली.
ठसठशीत, ऱ्हस्वदीर्घासकट,
त्रेचाळीस घरं.
शाहजानचं सोडलं.
त्या रात्री झोप छान लागली,
हे सांगायला हवं.

"काहून सोडलं माहं?"
पिंजण भिंतीला टेकलेलं. पहिल्यांदाच
आमचं बोलणं रस्त्यावर ऐकू जात होतं.
"माह्या भावाचं लिवलं. फातमाबुढीचं लिवलं,
जिले डोयानं दिसत नाही.
आता मोहल्ल्यात मले इचारतात,
तुहं घर कसं सुटलं वं?
तुले एक नाव वाचवाचं होतं ना,
म्हणून बाकीची लिवता आली."

मी म्हणालो, मी नसतं लिहिलं
तर दुसऱ्या कोणी लिहिलं असतं.
"मंग त्याचं अक्षर तरी खराब असतं," ती म्हणाली.
आणि चहा न देता आत गेली.

पोळ्याच्या आधी ती गेली.
बडनेऱ्याला की त्याच्याही पुढं, कोणी सांगत नाही.
शेळी नेली. पिंजण नेलं.
माझी गादी, जी महिनाभर पिंजायला पडून होती,
दारात ठेवून गेली, शिवून, मजुरी न घेता.

परवा पानठेल्यावर कोणी ती म्हण म्हणालं.
मी मनात दोन्ही नावांची जागा बदलून पाहिली.
बसतात.

गादीत उशाकडे एक गाठ आहे.
चिंधी असेल. कागद असेल.
त्यावर तिचं ते, किंवा माझं,
किंवा नुसतं शेळीचं नाव.
उसवली नाही.
कूस बदलली की बरोबर कानाखाली येते.
मी सरकत नाही.